दी सर

आमच्या शाळेत सातवीचे दोन वर्ग होते आणि दोन्ही वर्गांत इंग्रजी शिकवलं जातं असा शाळेचा समज होता. 'ब' माझ्याकडे होता. 'अ' दी सरांकडे.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. इंग्रजीत पुढे स्वर आला की 'द' न म्हणता 'दी' म्हणायचं, असा एक नियम आहे. नियम खरा आहे, एवढासा आहे आणि पोरांना तो एका तासात कळतो. सरांनी तो शाळा उघडल्यापासून सहामाहीपर्यंत शिकवला. आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, नुसती प्लायवूडची फळी होती. माझ्या वर्गात एखादी मुलगी धीर करून गोष्ट वाचायला उभी राहिली की पलीकडून अख्खा वर्ग कोकलायचा, "दी अँट! दी एग! दी अंब्रेला!" माझी मुलगी बिचारी दचकून खाली बसायची.

सर दिसायला रुबाबदार. शर्टाला कडक इस्त्री, भांग पट्टी लावून पाडल्यासारखा, खिशात एकाला तीन लाल पेनं. चालताना मान जरा मागे. समोरून येणारा माणूस आत्ता काहीतरी चुकीचं बोलणार, अशा तयारीने ते चालायचे. सहसा निराशा होत नसे. वाण्याच्या पाटीवर, दवाखान्याच्या दारावर, बसथांब्याच्या वेळापत्रकावर, जिथे म्हणून इंग्रजी होतं तिथे त्यांना चूक सापडायची आणि ती ते त्या माणसाला सांगायचे. न्हाव्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं. आमच्या मुख्याध्यापकांची आई वारली तेव्हा कारकुनाने फळ्यावर इंग्रजीत सूचना लिहिली होती, 'स्कूल रिमेन क्लोज्ड टुडे', शाळा आज बंद म्हणून. आम्ही सगळे माना खाली घालून उभे. मुख्याध्यापक डोळे पुसताहेत. आणि सर त्या शांततेत पुढे झाले, खडू उचलला, क्रियापदाला राहिलेला 'एस' लावला, हात झटकले आणि परत येऊन मान खाली घातली. कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी शिपाई मला म्हणाला, "काय पण सरांची नजर हो!"

शाळेत त्यांचा दरारा होता तो असा. इंग्रजी ही बोलायची, वाचायची, भांडायची, कोणाला हाक मारायची गोष्ट आहे, हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला, त्यांच्या तोंडून इंग्रजीचं एक सलग वाक्य ऐकलं नाही. नियम ऐकले. उदाहरणं ऐकली. वाक्य नाही.

त्यांच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत नळावर मला गाठून म्हणाली, "बाई, तो कुत्रा शेवटी सापडतो का हो?"

"कुठला कुत्रा?"

"धड्यातला. नावाड्याचा. पुरात वाहून जातो तो."

"अगं, तुमचा तर तो धडा कधीच झाला."

"झाला. पण आम्ही त्यातली क्रियापदंच काढली. मग नामं काढली. कुत्रा पाण्यात पडला तिथवरच आलोय."

"मग पुढे वाच की. पुस्तक तुझंच आहे ना?"

"सर म्हणाले, पुढचं पान उलटायचं नाही. अजून आर्टिकलं काढायचीत."

मी तिला सांगितलं की सापडतो. तिचा चेहरा असा खुलला की मला सरांचा सपाटून राग आला. एवढी साधी गोष्ट, पोरांनी हातात धरून ठेवलीय, पुढचं पान उलटायला आसुसलीत, आणि हा गृहस्थ त्यांना पाण्यात अर्ध्यावर उभं करून विचारतोय, सांगा, बुडणे सकर्मक की अकर्मक?

निबंधाचीही तीच कथा. 'माझी आई' हा विषय. सर फळ्यावर नमुना लिहायचे, मुलांनी उतरवायचा. त्यामुळे 'अ' वर्गातल्या सगळ्या आया पहाटे उठायच्या, सगळ्या प्रेमळ, सगळ्या चविष्ट स्वयंपाक करायच्या. एका मुलाला आई नव्हती. त्याचीही पहाटे उठायची. त्याला चांगले मार्क पडले, कारण त्याने सगळे स्वल्पविराम जागच्या जागी उतरवले होते.

ही कुत्र्याची चौकशी करणारी मुलगी मात्र जरा आडमुठी. तिची आई बस चालवायची. तिने नमुना बाजूला सारला आणि स्वतःचंच लिहिलं. तिने ते मला दाखवलं होतं म्हणून मला पाठ आहे: "माय मदर ड्राइव्ह बस. पीपल शाउट हर. शी नॉट शाउट बॅक. अॅट होम शी शाउट अस."

मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवते आहे. एवढ्या थोड्या शब्दांत एवढं घर माझ्या एकाही विद्यार्थ्याने उभं केलेलं नाही. सरांनी त्याला शून्य दिलं. कागद असा लाल केला की खालची अक्षरं शोधावी लागत होती, आणि वर शेरा मारला: नमुना पाहून लिही.

मुलीची आई शाळेत आली. कामावरून थेट, अंगावर गणवेश, काखेत टोपी. मला वाटलं, आता चांगली जुंपणार. मी मुद्दाम शिक्षकखोलीत थांबले. बाईंनी तो कागद दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केला आणि म्हणाल्या, "सर, तुमचे उपकार कसे फेडू? किती बारकाईने तपासता हो! एक ओळ सोडली नाहीत."

सर म्हणाले, "कर्तव्य आहे."

बाई माझ्याकडे वळल्या. "नाहीतर तुमच्या वर्गातल्या मुलांच्या वह्या. माझ्या शेजारणीचा आहे ना तुमच्याकडे. अगदी कोऱ्या. लाल शाई दिसतच नाही कुठे."

मी म्हटलं, "तुमच्या लेकीने काय लिहिलंय, माहीत आहे का तुम्हाला?"

"मला कुठलं इंग्रजी कळतंय?"

म्हणून मी ते त्यांना मराठीत सांगितलं. लोक आईवर ओरडतात, आई उलटून ओरडत नाही, आणि घरी येऊन आमच्यावर ओरडते. बाईंनी कागदाची घडी घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग म्हणाल्या, "असं लिहिलंय का? मग बरोबर केलं सरांनी. घरातलं बाहेर सांगतात का कोणी?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की खटला जिंकलेल्या वकिलानेही पाहू नये.

आता सरांच्या घरचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथे घडली. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, माझं दोन दारं सोडून. घरात वहिनी आणि एक लेक. वहिनी शिवणकाम करायच्या आणि फार कमी बोलायच्या. जिथे मराठी बोलतानासुद्धा लिंग-वचन सुधारलं जातं तिथे माणूस कमी बोलायला शिकतोच. लेक मात्र भडाभडा बोलणारी. ती एका प्रवास कंपनीत फोनवर बसायची. विमान चुकलेली, सामान हरवलेली, हॉटेलात झुरळ सापडलेली जगभरची माणसं तिला इंग्रजीत शिव्या घालायची आणि ती त्यांना इंग्रजीत थंड करायची. हे इंग्रजी ती बापाकडून शिकली नाही आणि माझ्याकडूनही नाही, ती चिडलेल्या गिऱ्हाइकांकडून शिकली. काळ चुकायचा, वचन चुकायचं, पण माणूस फोन ठेवताना थँक्यू म्हणायचा. त्या बोलण्यावर तिचं पोट चालत होतं. सर म्हणायचे, "बाजारू इंग्रजी." ती फोनवर असली की ते दुसऱ्या खोलीतून दुरुस्त्या ओरडायचे. एकदा पलीकडच्या गिऱ्हाइकाने विचारलं म्हणे, तुमच्या ऑफिसात पोपट आहे का?

कंपनीतल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा दूरच्या गावचा, वेगळ्या भाषेचा. त्याच्या आईला मराठी येत नव्हती, आमच्या मंडळींना तिची भाषा येत नव्हती. मध्ये राहिलं इंग्रजी. वहिनींना हायसं वाटलं. मला म्हणाल्या, "एवढं तरी बरं. यांना तेवढंच येतं, ते कामाला येईल."

मुलाची आई विधवा, आयुष्यभर परिचारिका होती. इंग्रजी दवाखान्यात कानावर पडलं तेवढंच. लग्न ठरल्यावर तिने मनापासून पत्र लिहिलं. लेकीने नंतर ते मला वाचून दाखवलं. "डियर ब्रदर अँड सिस्टर, आय अॅम मदर ऑफ द बॉय. युअर डॉटर कम माय हाउस, आय व्हेरी ग्लॅड. शी लाफ लाउड. आवर हाउस क्वायट सिन्स हिज फादर डाय. नाऊ नॉट क्वायट." असं आणखी बरंच. शेवटी लिहिलं होतं की मला मुलगी नाही, तुमची मी नीट सांभाळीन.

पत्र सरांच्या हाती पडलं. त्यांनी ते टेबलावर सरळ केलं, पेन उघडलं आणि तपासलं. पहिल्या ओळीत आर्टिकल राहिलंय. इथे क्रियापद नाही. इथे भूतकाळ हवा. समासात उद्गारचिन्हं. खाली गोल काढून दहापैकी चार. शेरा: पुन्हा लिहा. आणि त्याचा फोटो काढून त्या माउलीला फोनवर पाठवून दिला.

लपूनछपून नव्हे बरं का. संध्याकाळी जेवताना त्यांनी स्वतःच सांगितलं. लेकीने दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन मला शब्द न् शब्द ऐकवलं.

"तुझ्या सासूचं इंग्रजी कच्चं आहे," सर म्हणाले. "पण तयारी दिसते. मी दुरुस्त्या पाठवल्यात."

लेकीचा घास हातातच राहिला. "कसल्या दुरुस्त्या?"

त्यांनी फोन पुढे केला. तिने पाहिलं. वहिनींनीही वाकून पाहिलं. वहिनींना वाचता आलं नाही, पण तो लाल रंग त्यांच्या ओळखीचा होता.

"बाबा, तुम्ही हे पत्र वाचलंत?"

"वाचलं म्हणजे काय? शब्द न् शब्द वाचला. त्याशिवाय चुका सापडतात होय?"

"मग काय लिहिलंय त्यांनी? सांगा बघू."

सर जरा विचारात पडले. मग म्हणाले, "लग्नासंबंधी आहे."

एवढंच. एका बाईने आपलं रितं घर, मेलेला नवरा आणि येणारी सून एका कागदावर आणून ठेवली होती, आणि या विद्वानाला तो मजकूर लग्नासंबंधी वाटला.

लेकीने त्याच पावली होणाऱ्या सासूला फोन लावला आणि माफी मागायला सुरुवात केली. पण तिकडची बाई वेगळ्याच मातीची निघाली. ती रागावली नव्हती. तिला वाटलं, या लोकांत असंच असेल, मुलीचा बाप मास्तर आहे, त्याचा मान ठेवायला हवा. दुसऱ्या दिवशी तिने सगळं पत्र सुवाच्य अक्षरात, सगळ्या दुरुस्त्या करून पुन्हा लिहून पाठवलं. खाली 'थँक यू सर' लिहिलं.

दुसरं कोणी असतं तर शरमेने जमिनीत गेलं असतं. सरांनी चष्मा लावला, पत्र तपासलं आणि सात दिले. "सुधारणा आहे," म्हणाले.

लेक मला म्हणाली, "बाई, मी त्यांना लग्नाला बोलवणारच नव्हते. आई म्हणाली, बोलाव. म्हणून बोलावलंय, एका अटीवर. कोणाचाही एक शब्द दुरुस्त करायचा नाही."

"मग? कबूल झाले?"

"म्हणाले, प्रयत्न करीन."

लग्न नोंदणी कचेरीत झालं. सह्या झाल्यावर जवळच्याच एका हॉलमध्ये जेवण होतं, दोन्हीकडची थोडीच माणसं. सर नवा कोट घालून आले होते. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्याशी कोणी इंग्रजीत बोलणार होतं, आणि मी कबूल करते, ते पाहायला मी टपून बसले होते.

नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ, हसरा पोरगा, पुढे आला आणि साधंसं विचारलं, "हाउ वॉज द जर्नी, सर?"

आता याला 'फाइन' म्हणायचं आणि हसायचं, की झालं. सरांचे ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले. साधा भूतकाळ घ्यावा की पूर्ण वर्तमान, याचा आत निकाल लागत नव्हता. कपाळावर घाम आला. पोरगा हसू तोंडावर धरून उभा राहिला, मग या पायावरून त्या पायावर झाला, मग "आय विल गेट वॉटर" म्हणून निसटला. दुसरा आला, तिसरी आली, तोच प्रकार. व्याकरणाचा एवढा मोठा गड, पण आतून बाहेर यायला एक दिंडीदरवाजा नाही. थोड्याच वेळात सरांच्या टेबलाभोवती खुर्च्या रिकाम्या झाल्या. पलीकडे लेक, जावई आणि त्याची माणसं मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती.

हे विहीणबाईंनी पाहिलं. लहानखुरी बाई, पांढरे केस, चालणं झपाझप, वॉर्डात फेरी मारल्यासारखं. त्या सरळ सरांपाशी गेल्या, शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. आजाऱ्याचा घेतात तसा. आणि म्हणाल्या, "सर. यू लोनली मॅन. यू कम माय हाउस. वुई टॉक."

आम्ही सगळे ऐकत होतो. वहिनी ऐकत होत्या. मला वाटलं, आता तरी हा माणूस विरघळेल.

सरांचा चेहरा खरंच उजळला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना काय बोलायचं ते सुचलं होतं. बोट वर करून, स्वच्छ उच्चारात ते म्हणाले, "आर. यू आर अ लोनली मॅन. क्रियापद राहिलं. आर्टिकलही."

त्यातलं मराठी विहीणबाईंना कळलं नाही, पण दुरुस्ती कळली. पत्राने त्यांना सवय लावली होती. त्या शहाण्या विद्यार्थिनीसारख्या ताठ बसल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यू आर अ लोनली मॅन."

"करेक्ट," सर म्हणाले.

चमचे थांबले. जावयाने ताटात पाहिलं. लेक एकदम मोठ्याने हसली आणि हसता हसता तिने तोंडावर हात दाबला. विहीणबाईंना काही समजेना, त्या आपल्या सरांचा हात थोपटत राहिल्या. वहिनी उठल्या, सरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "झालं ना समाधान? आता जेवा."

आणि ते जेवले. पोटभर जेवले. आपण काय वदवून घेतलं याचा त्यांना पत्ता नव्हता असं मी पुष्कळ दिवस समजत होते. आता वाटतं, पत्ता असावा. पण वाक्य बरोबर झाल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

लेक सासरी गेली ती गेलीच. तिला मूल झालं तेव्हा वहिनी बाळंतपणाला म्हणून गेल्या आणि ऋतू बदलला तरी परतल्या नाहीत. विहिणी-विहिणींचं मेतकूट जमलं होतं. एकीला मराठी नाही, दुसरीला तिकडची भाषा नाही, म्हणून दोघी जे काही इंग्रजी सापडेल ते वापरत होत्या. "बेबी स्लीप. यू ईट. आय वॉश." अशावर दोन बायकांनी एक घर चालवलं.

सर इकडे एकटे. शाळेत एकदा मी विचारलं, "काय म्हणते लेक? लिहिते का काही?"

"लिहीत नाही. बाळाचे फोटो पाठवते."

"आणि तुम्ही?"

"मी लिहितो. मग तपासतो. मग पुन्हा लिहितो." ते खिडकीबाहेर पाहत होते. "मग राहूनच जातं."

मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण त्याच दुपारी फळीपलीकडून त्यांचा आवाज आला. कोणा मुलीने स्वतःहून हात वर करून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता, काल आमच्या घरात साप निघाला, असं काहीसं. साप! इंग्रजीच्या तासाला वर्गात साप आला होता, आणि सर तिला विचारत होते, "अ स्नेक की द स्नेक?" ती पोर रडकुंडीला येऊन गप्प झाली. साप घरातून गेला की नाही, कोणाला चावला का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझी दया तिथल्या तिथे आटली.

ते निवृत्त झाले तेव्हा पालकांनी त्यांचा मोठा सत्कार केला. आता ते घरीच क्लास घेतात. दारात चपलांचा हा ढीग. बसवाल्या बाईंनी धाकट्या मुलालाही तिथेच घातलंय. माझ्याकडे एक आई येऊन म्हणाली, "बाई, सरांकडे जागा मिळेल असं बघा ना, तुमची ओळख आहे." मी म्हटलं, "बघते," आणि बघितलं नाही.

वहिनी अखेर परत आल्या. रंग उजळलाय, अंगाने भरल्यात. सुया-दोरे पुन्हा बाहेर काढलेत. रोज संध्याकाळी विहीणबाईंचा फोन येतो आणि दोघींचं इंग्रजी सुरू होतं. पहिल्या दिवशी वहिनी बैठकीतच बोलायला लागल्या. सरांनी क्लास मध्येच थांबवून त्यांचा काळ सुधारला. वहिनींनी फोन कानाला तसाच धरून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि जिना चढून गच्चीवर गेल्या. तेव्हापासून त्या फोन वाजला की थेट वर जातात. खाली खोलीत मुलं नियम म्हणत असतात, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला वहिनींचं बोलणं ऐकू येतं, तुटक, चुकीचं, मध्ये मध्ये खो खो हसणारं. अंधार पडला तरी त्या खाली उतरायचं नाव घेत नाहीत.